फळी जाळायची, पण थांबायचं कुठे? याकिसुगी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जपानमधल्या ओकायामाच्या किनाऱ्यावर आमच्या गल्लीत पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निम्म्याअधिक घरांच्या भिंती काळ्या आहेत, आणि हा काळेपणा रंगाचा नाही. फळ्या आधी जाळल्या आणि मग भिंतीला ठोकल्या. याला इथे याकिसुगी म्हणतात. याकि म्हणजे भाजलेलं आणि सुगी हे झाडाचं नाव. इंटरनेटवर हीच गोष्ट 'शोउ सुगी बान' या नावाने फिरते. याकिसुगी-इता, म्हणजे 'भाजलेली सुगी फळी', या शब्दाची चित्राक्षरं कुणीतरी चुकीच्या उच्चाराने वाचली आणि ते नाव जगभर गेलं. इथल्या सुताराला तुम्ही 'शोउ सुगी बान' म्हणालात तर तो नम्रपणे हसेल आणि तुम्हाला काय हवंय ते पुन्हा विचारेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरामागच्या खोपटाची एक भिंत अशी केली. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. त्यांना सगळी गल्ली 'दाइकू-सान' म्हणते, म्हणजे आपल्याकडे 'मिस्त्री' म्हणतात तसं. त्यांनी शिकवलं, आम्ही जाळलं. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे. सुरुवातीलाच सांगते, या कामात आग हा सगळ्यात सोपा भाग आहे. तीन फळ्यांची एक मोळी पाच-सहा मिनिटांत जळून होते. फळी निवडणं, वेळेवर थांबणं आणि ती भिंतीवर नीट बसवणं यांत आमचे तीन आठवडे गेले.

मुळात जाळायचं कशाला?

लाकडात बुरशीला आणि किड्यांना खाण्याजोगं जे असतं, ते पृष्ठभागावरून जाळून टाकायचं. कोळशाला वाळवी तोंड लावत नाही. वर कोळशाचा थर राहिला की ऊन-पावसाचा पहिला मार तो खातो. सेतो अंतर्गत समुद्राच्या काठाने ओकायामा, हिरोशिमा, कागावा या भागांत खाऱ्या वाऱ्यासमोर ही रीत टिकून राहिली. ओकायामाच्या उनो बंदरातून फेरीने वीस मिनिटांत नाओशिमा बेटावर जाता येतं. तिथल्या होनमुरा वस्तीत जुन्या काळ्या भिंती अजून उभ्या आहेत. वास्तुकार तादाओ आन्दो यांनी १९९९मध्ये तिथेच 'मिनामिदेरा' ही इमारत बांधली, तीही याच फळ्यांनी मढवलेली आहे. तेरुनोबु फुजिमोरी या वास्तुकाराने २००७मध्ये नागानोत याकिसुगीचं एक घर बांधलं. त्यानंतर परदेशी मासिकांत ही कला झळकू लागली.

आता एक गैरसमज. 'जाळलेलं लाकूड पेटत नाही' असं सर्रास लिहिलेलं असतं. ते पेटतं. कोळशाचा थर आतल्या लाकडापर्यंत उष्णता हळू पोचवतो, एवढंच. याकिसुगी म्हणजे अग्निरोधक भिंत असं मानून कुणी शेगडीमागे लावणार असेल, तर तसं करू नका.

लाकूड

सुगीला इंग्रजीत जपानी सीडर म्हणतात, पण आपल्या देवदाराशी त्याचं जवळचं नातं नाही. ते सायप्रसच्या कुळातलं झाड आहे. भारतात ते दार्जिलिंगच्या डोंगरांवर भरपूर दिसतं. इंग्रजांनी तिथे लावलं आणि तिथले लोक त्याला 'धुपी' म्हणतात. लाकूड हलकं आणि मऊ. वर्षाच्या वलयांत एक पट्टा मऊ, एक कडक, असा फरक स्पष्ट असतो. याकिसुगीला हाच फरक हवा असतो. मऊ पट्टा लवकर जळून खोल जातो, कडक पट्टा उभा राहतो आणि फळीवर ती रेघांची नक्षी उठते. सागवान यासाठी वापरू नका. ते जड, तेलकट आणि महाग, शिवाय मुळातच टिकाऊ. त्याला जाळून काही पदरात पडत नाही.

फळी घेताना हे बघा. जाडी १५ मिमीच्या खाली नको. आम्ही हट्टाने १२ मिमीच्या तीन फळ्या जाळून पाहिल्या, तिन्हींनी पन्हाळीसारखा बाक धरला. रुंदी १५ ते १८ सेंमी, लांबी २ मीटरपर्यंत. फुजिमोरींनी आठ-आठ मीटरच्या फळ्या जाळल्या, पण तो त्यांचा प्रांत. लांब फळ्या जळताना वाकतात, मधे फटी पडतात आणि जाळ निसटतो. फळी वाळलेली हवी. ओली असेल तर नुसती धुमसते. मोठ्या गाठी असलेल्या फळ्या बाजूला काढा, याचं कारण पुढे येईल. आणि रंगवलेलं, प्लायवूड किंवा वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड कधीही जाळायचं नाही. काही जुन्या औषधांत आर्सेनिक असतं, त्याचा धूर जिवावर बेतू शकतो.

जाळायची बाजू ठरवायला फळीचं डोकं बघा. तिथे वलयांच्या कमानी दिसतील. कमानीची पाठ ज्या बाजूला, ती झाडाच्या सालीकडची बाजू. तीच जाळायची आणि तीच बाहेर ठेवायची. गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवली तर काही वर्षांनी तिचे पापुद्रे सुटायला लागतात. दाइकू-साननी आमच्या सगळ्या फळ्यांच्या सालीकडच्या बाजूला खडूने गोल काढायला लावलं होतं. मला ते पोरखेळ वाटलं. पण दिवसभराच्या धुरात आठव्या मोळीला कोण कमानी बघत बसणार!

फळ्या किती लागतील? आमची भिंत ३.६ मीटर लांब आणि १.८ मीटर उंच. उभ्या फळ्या, प्रत्येक १८ सेंमी, म्हणजे सरळ भागाकाराने २०. जळल्यावर फळी रुंदीला थोडी आक्रसते. आमच्या साडेसतरावर आल्या. मधे ५ मिमीच्या १९ फटी धरल्या तर बेरीज ३५९.५ सेंमी, म्हणजे २० फळ्यांत हिशोब बसला. तरी जाळल्या २४, तीन-तीनच्या आठ मोळ्या. चार फळ्या शिलकीत हव्यातच.

जाळायच्या आदल्या दिवशी

इथे उघड्यावर काही जाळायला एरवी बंदी असते. म्हणून आधी नगरपालिकेत विचारा आणि मग अग्निशमन केंद्रात जा. 'आगीसारखा धूर किंवा ज्वाळा उठतील असं काम' कळवायचा एक फॉर्मच तिथे मिळतो. तो भरला नाही तर कुणीतरी फोन करतो आणि बंब दारात येतो. शेजाऱ्यांना सांगा, आणि कपडे वाळत घालू नका म्हणून आवर्जून सांगा.

जागा मोकळी हवी, माती किंवा काँक्रीट. आजूबाजूला सुकं गवत नको, वर झाडाची फांदी किंवा वायर नको. दोन भरलेल्या बादल्या आणि पाणी चालू असलेला पाइप. अंगात सुती कपडे, पायात बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांना चष्मा. नायलॉनचं जॅकेट घालून येणाऱ्याला दाइकू-सान आगीजवळ उभं करत नाहीत. दोन माणसं तरी पाहिजेतच. वारा सुटला असेल तर त्या दिवशी नाद सोडा.

मोळी बांधणं आणि पेटवणं

चुलीजवळ बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं की एकटं लाकूड धुमसतं, दोन लाकडं जवळ सारली की पेट घेतात. एकाचा जाळ दुसऱ्याला तापवतो. याकिसुगीचं सगळं शास्त्र एवढंच आहे. तीन फळ्या जाळायच्या बाजू आत करून उभ्या लावायच्या की तिकोनी नळकांडं होतं. ते स्वतःच चूल आणि स्वतःच धुराडं.

बांधायची रीत अशी. प्रत्येक फळीची कड पुढच्या फळीच्या पोटाला टेकवा, गोल फिरत. बाइंडिंगच्या तारेने तीन ठिकाणी बांधा, दोन्ही टोकांपासून वीतभर आत आणि एक मधे. तार पक्कडीने पिळा, पण आवळू नका. फळ्यांमधून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहू दे. फट नसेल तर आत हवा पुरत नाही, जास्त असेल तर जाळ कडेने बाहेर येतो. जिथे एक कड दुसऱ्या फळीला टेकते तिथली बोटभर पट्टी कोरीच राहते. त्याची चिंता नको, भिंतीवर ती झाकली जाते.

दोन विटा थोडं अंतर सोडून ठेवा आणि नळकांडं त्यांवर उभं करा, म्हणजे खालून हवा आत शिरेल. वर्तमानपत्राची तीन-चार पानं चुरगाळून खालच्या तोंडात कोंबा आणि पेटवा. एक जण नळकांडं धरून उभा राहतो, जरा तिरपं, तोंड आपल्यापासून दूर. पहिलं अर्धं मिनिट नुसता पांढरा धूर येतो. वाटतं, विझलं. मग आतून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू होतो आणि वरच्या तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर पडते. पहिल्यांदा ते बघून माझ्या हातून नळकांडं सुटणारच होतं. दाइकू-सान मात्र एक हात खिशात घालून उभे होते.

साधारण दोन मिनिटांनी नळकांडं उलटं करा. खालचं टोक जास्त जळलेलं असतं, ते आता वर येईल. उलटताना दोघांनी धरायचं, आणि कुणीही नळकांड्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही.

थांबायचं कधी

नवखे इथेच चुकतात. घाबरून लवकर थांबलं तर फळी नुसती काजळते, आणि पहिल्या पावसात काजळी धुऊन जाते. रंगात येऊन फार वेळ जाळली तर हातात पापड उरतो.

इमारतींच्या आगीच्या गणितात मऊ लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिमी कोळसतं असं धरतात. आपल्याला हवा आहे साधारण ३ मिमीचा थर, म्हणजे पाच मिनिटांच्या आसपास. पण घड्याळावर विसंबू नका. फळीची ओल, वारा, फटी यांनी मिनिटभर इकडेतिकडे होतं. दाइकू-सान घड्याळाकडे बघतच नव्हते. ते फळीच्या मागच्या, न जळणाऱ्या बाजूला मोज्याशिवाय हात लावून बघायचे. हात टेकवून ठेवता येतो तोवर चालू द्यायचं, हात मागे घ्यावासा वाटला की बस. तुम्ही हे करू नका. तुम्ही फटीत काठी घालून जरा रुंदवा आणि आत डोकावा. पृष्ठभागावर चौकोनी भेगा पडून तो मगरीच्या पाठीसारखा दिसायला लागला की झालं. शंका असेल तर पहिली मोळी मुद्दाम वाया घालवा. पाच मिनिटांवर ती सोडवा, फळ्या थंड झाल्यावर करवतीने कापा आणि काळा थर किती खोल गेलाय ते पट्टीने मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढच्या सगळ्या मोळ्यांचा अंदाज येतो.

थांबायचं ठरलं की नळकांडं आडवं करा, पक्कडीने तारा तोडा आणि फळ्या लाथेने एकमेकींपासून दूर करा. जाळ लगेच बसतो. जळकी तोंडं समोरासमोर असेपर्यंतच तो तगतो. मग पाणी. आधी कडा, मग मधला भाग, मग फळी उलटून मागची बाजू. 'चुर्र' आवाज पूर्ण थांबेपर्यंत.

गाठींवर दुप्पट पाणी मारा. गाठीमागे निखारा लपून बसतो. आमच्या तिसऱ्या मोळीतल्या एका फळीत असाच बसला. आम्ही फळ्या गरम असतानाच एकावर एक रचल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा थप्पीतून बारीक धूर येत होता. मोठं काही झालं नाही, पण त्या गाठीच्या जागी बोट जाईल एवढं भोक पडलं. म्हणून फळ्या रचू नका. मोकळ्या पसरा, अर्ध्या तासाने पुन्हा सगळ्यांवरून हात फिरवा, आणि संध्याकाळी जागा सोडण्याआधी आणखी एकदा.

गॅसच्या टॉर्चने का नाही करायचं, असं सगळे विचारतात. करता येतं. घरातल्या एखाद्या कपाटाच्या दाराला किंवा टेबलाला ते ठीकच आहे. पण टॉर्चचा थर कागदासारखा पातळ असतो, त्याला मी रंगच समजते. बाहेरच्या भिंतीला तीन फळ्यांचीच रीत.

घासायची की नाही

फळ्या मधे पट्ट्या घालून सावलीत रचा आणि आठ-दहा दिवस वाळू द्या. मग ठरवा. न घासता तशीच लावली तर तिला सुयाकि म्हणतात. सगळ्यात काळी, सगळ्यात टिकाऊ, आणि हात लावला की हात काळा. घासली तर मिगाकि. कडक ब्रशने रेघांच्या दिशेने घासून भुसभुशीत कोळसा काढायचा, धुवायची, वाळवायची, हवं तर जवसाचं तेल द्यायचं. मग ती तपकिरी-काळी होते आणि नक्षी उठून दिसते. बसण्या-टेकण्याच्या जागी, दाराशेजारी, घरात मिगाकि बरी. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मगच फेका. घासताना मास्क लावा. मी पहिल्या दिवशी लावला नव्हता आणि दोन दिवस शिंकरताना काळं येत होतं.

भिंतीवर

फळीची मागची बाजू कोरी असते. मागे पाणी अडकलं तर पुढचा कोळसा काही कामाचा नाही, फळी पाठीमागून कुजते. म्हणून भिंत आणि फळी यांच्यामध्ये हवा खेळायला हवी.

आधी भिंतीवर वाफ बाहेर जाऊ देणारा, पण पाणी आत न येऊ देणारा कागद. त्यावर १८ मिमी जाडीच्या आडव्या पट्ट्या, साधारण ४५ सेंमी अंतराने. इथे त्यांना दोबुची म्हणतात. आडव्या पट्ट्या हवेची वाट अडवतात, म्हणून दर १.८ मीटरवर पट्टीत ३० मिमीची फट सोडायची. वर आणि खाली हवा आत-बाहेर जायला तोंड ठेवायचं आणि त्याला जाळी लावायची, नाहीतर उंदीर बिऱ्हाड करतील.

आता फळ्या उभ्या, मधे ५ मिमी फट. प्रत्येक फळीला खिळे फक्त मधोमध, कडांना नाही. फळी पावसाळ्यात फुगते, थंडीत आक्रसते. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या तर मधून चिरते. फटींवर उभी पट्टी येते, तिला ओशिबुची म्हणतात. पट्टीचा खिळा फटीतून जातो, फळीतून नाही. पट्टी फळीच्या कडा दाबून धरते आणि मघाशी सांगितलेली कोरी बोटभर जागाही झाकते. खिळे स्टेनलेसचे घ्या. साध्या लोखंडी खिळ्यांना गंज चढतो आणि त्याचे ओघळ काळ्या भिंतीवरही दिसतात. टोकांजवळ आधी ड्रिलने भोक पाडा. कापलेली टोकं कोरी असतात, त्यांना तेल पाजा. फळीचं खालचं टोक जमिनीपासून निदान २० सेंमी वर ठेवा, म्हणजे पावसाचे शिंतोडे पोचत नाहीत.

कोकणातल्या नातेवाइकांनी फोटो बघून लगेच विचारलं, आपल्याकडे होईल का? होईल, पण एक लक्षात घ्या. ओकायामात वर्षाला सुमारे ११०० मिमी पाऊस पडतो, जपानच्या मानाने हा कोरडा भाग आहे. रत्नागिरीत त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत. तिथे वळचण चांगली दोन-अडीच फूट बाहेर हवी आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडायला हवं. उघड्या, पश्चिमेच्या भिंतीवर मी तरी लावणार नाही. घाटावरच्या कोरड्या गावात जास्त निभावेल.

नंतर

काही करायचं नाही. धुवायची नाही, पॉलिश नाही. पाऊस-वारा लागतो त्या बाजूचा कोळसा हळूहळू झडतो आणि खालून राखाडी लाकूड दिसू लागतं. वळचणीखाली काळं तसंच राहतं. गल्लीतल्या जुन्या घरांत एकाच भिंतीवर हे दोन्ही रंग दिसतात आणि कुणी त्याला खराबी समजत नाही. वर्षातून एकदा, टायफूनचा मोसम संपला की, भिंतीवरून नजर फिरवा. सैल पट्टी, वर आलेला खिळा, पायाशी साचलेला पाला, बास.

एखादी फळी गेली तर तिच्या दोन बाजूंच्या पट्ट्या काढून तेवढीच बदलता येते. ती भोक पडलेली फळी आम्ही 'एवढ्याने काय होतंय' म्हणत डावीकडून सातवी लावली होती. गेल्या सप्टेंबरच्या वादळात पाणी नेमकं तिथूनच आत गेलं. शिलकीतली एक फळी काढून आम्ही ती बदलली, काम अर्ध्या तासाचं. फक्त तोवर सावलीत राहिलेली ती फळी बाकीच्यांपेक्षा काळीकुट्ट दिसते. दाइकू-सान येता-जाता तिच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.